पाचवं बटण

अंगात येणं, उतारा, लिंबू… असल्या गोष्टींना मी कधीच मानलं नाही. चौथी शिकलेली बाई म्हणजे भोळी, असं लोक धरून चालतात. मी तशी नाही. पण मे महिन्यात, भर दुपारी साडेतीनला जे झालं ते लिहिते. माझं नाव देत नाही.

सोलापुरात एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये अकरा वर्षं मी काचपट्ट्या धुते. तिथं पेशी मोजायची जुनी पेटी आहे – पाच बटणं आणि प्रत्येकावर आकड्याची खिडकी. मायक्रोस्कोपमध्ये बघत, दिसेल त्या पेशीचं बटण दाबायचं. शंभर झाल्या की घंटी वाजते. पाचवं बटण रक्तात नसायला हव्यात अशा पेशींचं. आमचे जुने टेक्निशियन, सगळे त्यांना काका म्हणायचे, सावकाश मोजत. टक… टक… मध्येच थांबून चष्मा पुसायचे, पुन्हा टक. गेल्या दिवाळीत ते वारले. त्यांच्या जागी सतीश आला.

त्या दिवशी माझी बहीण सांगोल्याहून तिच्या आठ वर्षांच्या रेणूला घेऊन आली होती. पोरीचा ताप हटत नव्हता. मोठ्या मशीनने काहीतरी शंका दाखवली, म्हणून डॉक्टर मॅडमनी हाताने मोजायला सांगितलं. सतीशने मोबाईल बघत बघत आकडे लिहिले. पाचव्यापुढे शून्य. मायक्रोस्कोपवरचं प्लास्टिकचं कव्हर तसंच होतं.

मी कशीबशी म्हणाले, "सर, कव्हर काढलं न्हाय…"

"मावशी, तुमी काचा धुवा की. कवा डॉक्टर झाला?"

मी गप्प बसले. माझ्या बहिणीची पोर, आणि मी गप्प बसले! सतीशपेक्षा जास्त राग मला याचा येतो.

तेवढ्यात पेटी वाजायला लागली. टक… टक… जवळ कुणीच नाही, सतीश चार हात लांब. मध्येच थांबली – चष्मा पुसण्याइतका वेळ – आणि पुन्हा टक. सतीश प्लग काढायला धावला. त्या पेटीला प्लग नाहीच. शेवटी घंटी झाली. पाचव्या खिडकीत अडतीस.

काच टिपायच्या कागदावर मी पाचही आकडे उतरवले आणि मॅडमच्या केबिनमध्ये शिरले. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"मॅडम, तुमी सोता बघा. त्यानं कव्हर काढलंच न्हाय."

मॅडमनी मोजलं. पाचव्या बटणाच्या एकोणचाळीस भरल्या. दोन माणसांनी मोजलं की एखाद्याचा फरक पडतोच, म्हणाल्या. दोन माणसांनी…

रेणूला त्याच संध्याकाळी मोठ्या दवाखान्यात हलवलं. कॅन्सरच्या औषधांनी केस गेलेत, पण आता जेवते, भांडते.

लॅबमध्ये सगळे मला पेटीचंच विचारतात. कशी वाजली, गार वाटलं का. कुणीतरी शेजारी लिंबूही ठेवून गेलं. मी ते कचऱ्यात टाकलं. पेटी कुणी वाजवली याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण न बघता शून्य कसं लिहिलंस, हे सतीशला एकानंही विचारलेलं नाही. तो अजून त्याच खुर्चीत बसतो.

आता रोज सकाळी त्याच्या आधी जाऊन मी कव्हर काढते आणि माझ्या पिशवीत घालते. संध्याकाळपर्यंत मागितलं तरी देत नाही.