बिनलायसनचा रेडिओ

आजच्या पोरांना सांगितलं की एकेकाळी घरात रेडिओ ठेवायलाही सरकारी लायसन लागायचं, तर म्हातारीचं काही खरं नाही अशा नजरेने बघतात. पण लागायचं. पोस्टात एक छोटं पुस्तक मिळायचं, त्यावर दरवर्षी पैसे भरून शिक्का मारून घ्यायचा. तो शिक्का मारणारी मी होते. बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमारास, सक्करदऱ्याजवळच्या एका लहानशा पोस्टात, खिडकीमागे ताठ बसलेली, बावीस वर्षांची आणि नियमाची भयंकर पक्की.

पक्की म्हणजे किती, तर शाळेत एकदा चुकून दोन मार्क जास्त मिळाले ते मी उठून परत करून आले होते. त्यामुळे सगळ्या वर्गाचे पेपर पुन्हा तपासले गेले आणि आठवडाभर एकही मुलगी माझ्याशी बोलली नाही. मला त्याचा अभिमानच वाटला. वडील शाळामास्तर; आमच्या घरात देवाच्या आधी नियमाला हात जोडायचे.

अशा मुलीला जिवाभावाची मैत्रीण मिळाली ती अगदी उलट्या स्वभावाची. समोरच्या घरातली सून. माहेर नरखेडकडचं, संत्र्यांच्या बागेतलं. पाच वर्षांपूर्वी लग्नात भांड्यांबरोबर ती एक रेडिओही घेऊन आली होती. दुपारी गल्लीतल्या बाया तिच्याकडे जमायच्या, रेडिओ लागायचा, आणि गाणारीच्या आधी हीच पुढची ओळ म्हणून मोकळी व्हायची. माझ्या पर्समधली सुपारी ती न विचारता काढून खायची. दुसऱ्या कुणाचं मला हे खपलं नसतं.

त्या उन्हाळ्यात आमच्या पोस्टमास्तरांनी एका शनिवारी सगळ्यांना समोर उभं केलं. बिनलायसनचे रेडिओ पकडायला तपासनीस येणार होते. "ओळखीत कुणाकडे असेल तर नाव-पत्ता लिहून द्या," ते म्हणाले, "लपवाल तर तुम्हीही त्यात." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुमची कायम होण्याची फाईल अजून माझ्याच टेबलावर आहे."

मला कसली भीती? मी तर मनातल्या मनात खूशच झाले. कुणीतरी सापडू दे एकदाचा!

सापडलं दुसऱ्याच दिवशी. रविवारी आम्ही दोघी तिच्या घरी पापड लाटत होतो. ती नेहमीसारखी गात नव्हती. चार पापड बिघडवले, तेव्हा मी विचारलं, काय झालं?

"तुले एक सांगू? हसशील नाही नं?"

"सांग."

"आमच्या रेडिओले लायसन नाही वं."

माझं लाटणं थांबलं. "कधीपासून?"

"लग्नापासून. कधी काढलंच नाही. मामाजी म्हणतात, हवा देवाची, रेडिओ आपला, सरकारले कायचे पैसे?"

मामाजी म्हणजे तिचे सासरे, मिलमधून रिटायर झालेले आणि एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेवालाही न ऐकणारे. पण खरी गंमत पुढे होती. हिने महिनाभरापूर्वी रेडिओवरच्या बायकांच्या कार्यक्रमाला पत्र धाडलं होतं, संत्र्याच्या सालीच्या चटणीबद्दल. तिकीट लावून, शिक्का मारून ते मीच पाठवलं होतं. आणि गेल्या बुधवारी निवेदिकेने जाहीर केलं की या बाईंचं पत्र पुढच्या बुधवारी पूर्ण वाचून दाखवू.

"नाव-पत्त्यासकट वाचतात नं ते," ती रडवेली होऊन म्हणाली. "आम्ही रोज रेडिओ ऐकतो, असंबी लिवलं मी. तपासनारे ऐकतील तं सरळ घरी येतील. रेडिओ उचलून नेतील. तू पोस्टात आहेस म्हनून तुलेच सांगितलं."

लायसन नसताना थेट रेडिओलाच पत्ता कळवणारा गुन्हेगार भूतलावर दुसरा झाला नसेल. मला हसूही येईना आणि रडूही. एकीकडे माझी नोकरी, दुसरीकडे माझी एकुलती एक मैत्रीण. अडकित्त्यातल्या सुपारीसारखी माझी गत झाली.

सोमवारी सकाळी नियम जिंकला. चांगल्या वळणदार अक्षरात मी कागद लिहिला: सासऱ्यांचं नाव, घर नंबर, रेडिओ पाच वर्षांपासून विनापरवाना. पोस्टमास्तर नेमके मोठ्या ऑफिसात गेले होते, म्हणून कागद पर्समध्येच राहिला. संध्याकाळी घरी परतताना तिने दारातूनच हाक मारली. मी चोरासारखी आत गेले. तिने पन्हं दिलं, नेहमीप्रमाणे माझी पर्स ओढून सुपारी काढली, तोंडात टाकली आणि पर्स नीट बंद करून माझ्या मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "थांब, जेवूनच जा. वडाभात केला हाये." तिचा वडाभात म्हणजे माझा जीव की प्राण. त्या दिवशी मी दुसऱ्यांदा वाढून घेतला नाही.

घरी आले तर बाबा पेपर वाचत बसलेले. "रेडिओची तपासणी येणार म्हणे," ते म्हणाले. "आपलं पुस्तक काढून ठेव बरं. आल्याबरोबर तोंडावर दाखवू."

देवघराच्या फळीवरून मी पुस्तक काढलं, उघडलं, आणि तिथेच बसले. शेवटचा शिक्का दोन वर्षांपूर्वीचा होता.

"बाबा, हे काय?"

"काय म्हणजे? तू पोस्टात लागली नं तेव्हापासून! मला वाटलं, तिथल्या माणसांचं तिथेच होऊन जातं."

आणि मला वाटत होतं की बाबा दरवर्षीप्रमाणे मोठ्या पोस्टात जाऊन भरून येतात! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी पर्समधला कागद काढला, बारीक बारीक फाडला आणि चुलीत टाकला. मग इतकी हसले, इतकी हसले, की बाबांना वाटलं मला ऊन लागलं.

तशीच समोरच्या घरी गेले. मैत्रिणीचे सासरे ओट्यावर बसले होते. "काकाजी," मी म्हटलं, "आमच्या रेडिओचं लायसन दोन वर्षांपासून नाही. उद्या सकाळी बाबांना पोस्टात नेते आहे, दंड भरायला."

काकाजी उठूनच उभे राहिले. बाबा गेली कित्येक वर्षं त्यांना रस्त्यावर थुंकण्यापासून मतदानापर्यंत प्रत्येक गोष्टीवर उपदेश करत आले होते.

"मास्तर? मास्तरच्या घरी चोरीचा रेडिओ? अन् मास्तर लाइनीत उभा राहून दंड भरनार?" त्यांचा चेहरा उजळला. "किती वाजता उघडते तुमचं पोस्ट? मीबी येतो. माह्यंबी काढून टाक. पन मास्तरच्या मागंच उभा राहीन मी, सांगून ठेवतो!"

दाराआड उभी असलेली मैत्रीण तोंडात पदर कोंबून हसत होती.

मंगळवारी पोस्ट उघडल्याबरोबर मी पोस्टमास्तरांकडे गेले आणि आमच्या घरचा गुन्हा सांगून टाकला. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "दंडासकट वसूल करा. घरचा म्हणून सूट नाही." आणि पुन्हा फाईलीत डोकं घातलं. खिडकीसमोर बाबा खाली मान घालून उभे होते, त्यांच्यामागे काकाजी, धुतलेलं धोतर नेसून, लग्नाला आल्यासारखे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होते, "मास्तरबी आहे बरं का लाइनीत!" दोघांच्या पुस्तकांवर मी असे जोरात शिक्के मारले की टेबल हाललं.

बुधवारी मधल्या सुट्टीत पळत घरी आले. सगळी गल्ली तिच्या घरात. काकाजींनी आवाज मोठा केला आणि पत्त्यातलं आपलं नाव रेडिओवर ऐकताना मिशीवरून हात फिरवला. चटणीची कृती झाली, आणि शेवटी निवेदिकेने वाचलं: "हे पत्र माझ्या मैत्रिणीच्या हाती देत आहे. ती पोस्टात असते आणि नियमाची फार पक्की आहे, म्हणून ते तुमच्यापर्यंत पोहोचणारच." बाया टाळ्या वाजवायला लागल्या. मी मात्र मान वर करू शकले नाही. माझी शरम आणि माझा आनंद, दोन्ही डोळ्यांतून वाहायला लागले. पुढच्या महिन्यात मी नोकरीत कायम झाले.

त्या कागदाचं मी तिला दहा-बारा वर्षं सांगितलं नाही. पुढे सरकारने रेडिओचं लायसनच बंद केलं, तेव्हा एका दुपारी पापड लाटताना धीर करून सांगितलं, की मी तुझ्या सासऱ्यांचं नाव लिहून दिलं होतं, निदान द्यायला निघाले होते.

"मले माहीत हाये," ती लाटतच म्हणाली.

"कसं?"

"सुपारी काढाले गेली तं हाताले लागला कागद. अक्षर लई सुंदर होतं तुहं."

"मग बोलली का नाहीस? वर वडाभात वाढलास!"

"काय बोलू वं? म्हटलं, दिला तरी माहीच मैत्रीण, नाही दिला तरी माहीच."

तिने पिठाचे हात पदराला पुसले, माझी पर्स जवळ ओढली आणि सुपारी शोधायला लागली.