आवाजाची फाइल, मराठी अक्षरांत

१९९९च्या उन्हाळ्यात साताऱ्यात, राजवाड्यामागच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये, हायस्कूलमधून निवृत्त झालेले एक सर मुलीचा आवाज ऐकायला फ्लॉपी घेऊन आले. फाइल उघडली. आवाज आला नाही. पडदा मराठी अक्षरांनी भरून गेला.

मी तेव्हा एका दैनिकाचा वार्ताहर होतो. आमच्या कार्यालयात कॉम्प्युटर नव्हता, म्हणून बातम्या टाइप करायला त्याच क्लासमध्ये जात असे. त्या दुपारी मी शेजारच्या मशीनवर बसलो होतो.

सर तिथं नवे नव्हते. आठवड्यातून दोनदा येऊन ते जमवलेल्या म्हणी टाइप करत. ओळखीचे लोक आपापल्या गावाकडच्या म्हणी फ्लॉपीवर आणून देत. त्या फाइली उघडायला गेलं की कधी एक इंग्रजी प्रोग्रॅम समोर यायचा, कधी दुसरा. सर वैतागत. मराठी कामात हे पाहुणे मधे कशाला, असं त्यांनी क्लास चालवणाऱ्या बाईंना विचारलं होतं. कोणत्या प्रकारची फाइल कोणत्या प्रोग्रॅमनं उघडायची, हे कॉम्प्युटरला एकदा सांगून ठेवता येतं. बाईंनी एका सुटीच्या दिवशी बसून, सर बसत त्या मशीनवर दिसतील तेवढ्या प्रकारांना मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम लावून टाकला. सर खूश झाले. बाईही ती गोष्ट विसरल्या.

मुलगी लग्नानंतर अमेरिकेत गेली होती. फोन यायचा, पण सरांना ऐकू कमी येत होतं आणि फोनवर शब्द लागत नसत. कानातल्या यंत्राजवळ रिसीव्हर नेला की ते शिट्टी मारायचं. मग रिसीव्हर काकूंकडे, म्हणजे सरांच्या पत्नीकडे जायचा. मुलगी काय म्हणाली ते काकू मागून मोठ्यानं सांगत. सर पंचांगाच्या पानाकडे बघत ऐकून घेत. असं दोन वर्षं चाललं होतं.

म्हणून मुलीनं आवाज कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून फ्लॉपीत भरला. स्पीकर मोठा करता येतो, पुन्हा पुन्हा लावता येतं, असा तिचा विचार. जावयाचा मित्र सुटीवर आला होता, त्यानं ती फ्लॉपी सांगलीला तिच्या सासरी पोचवली. सरांना पाठीच्या दुखण्यामुळे एसटीचा प्रवास बंद होता. काकू एकट्या सांगलीला गेल्या, तिथं मुलीच्या दिराच्या कॉम्प्युटरवर आवाज ऐकला, आणि फ्लॉपी घेऊन परत आल्या. सासरच्यांनी तासगावचे बेदाणे दिले होते. फ्लॉपी त्याच पिशवीत होती.

पडद्यावर अक्षरं आली तेव्हा सरांबरोबर आलेल्या काकूंनी आधी हातातल्या त्या पिशवीकडे पाहिलं.

सर मात्र वाचू लागले. सवयीनं चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पडद्याजवळ वाकले. सुरुवातीला थोडी जोडाक्षरं होती, अर्थ नसलेली. मग एकच अक्षर, ओळीच्या ओळी. पुढचं पान, त्याच्या पुढचं, तेच. सर पानं उलटवायला सांगत होते, बाई उलटवत होत्या.

कोरेगावचा एक आल्याचा व्यापारी पोत्यांवरची लेबलं छापून घ्यायला बसला होता. तो उठून मागं येऊन उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला,

“गुरुजी, पोरीला किती मार्क? शुद्धलेखन लय कच्चं दिसतंय.”

सर हसले नाहीत. पडद्यावरून नजर न काढता ते म्हणाले, “अजून बोलायलाच लागलेली नाही ती.”

व्यापारी परत बाकावर जाऊन बसला.

बाईंनी फ्लॉपी काढली, पदरानं पुसली, परत घातली. तेच झालं. फ्लॉपी खराब झाली असावी, असं त्या हळूच म्हणाल्या. ते सरांना ऐकू गेलं नसावं, काकूंना गेलं. काकू सांगू लागल्या की गाडीत खूप गरम होतं, कराडला पिशवी खाली ठेवावी लागली, बेदाण्यांचा चिकटपणा लागला असेल. आणि मग नवऱ्याकडे वळून, कानाशी वाकून, मोठ्यानं म्हणाल्या, “अहो, मी ऐकलंय सगळं. मला पाठ आहे. घरी चला, मी सांगते.”

सरांनी खुर्ची मागं घेतली नाही.

“तुझ्याकडून ऐकायचं असतं,” ते म्हणाले, “तर फोन होताच की गं.”

काकू भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसल्या. बाईंनी अक्षरांची खिडकी बंद केली. पडद्यावर फ्लॉपीतली एकुलती एक फाइल राहिली, नाव आणि वर छोटं चित्र. काकू बाकावरून ते बघत होत्या. थोड्या वेळानं त्या उठून आल्या.

“सांगलीला ह्याच्यावर कर्णा होता,” त्या बाईंना म्हणाल्या. “इथं कागद आहे.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. त्यांनी फाइलींच्या प्रकारांची यादी उघडली. आवाजाच्या फाइलींसमोर मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅमचं नाव होतं. तो सुटीचा दिवस त्यांना तेव्हा आठवला. फ्लॉपी चांगली आहे, असं त्यांनी आधी काकूंना सांगितलं, आणि मग सरांना, दोनदा. टायपिंगचं नाव काढून त्यांनी तिथं आवाज वाजवणारा प्रोग्रॅम लावला. यादी बंद केली. फाइलीवर कर्ण्याचं चित्र आलं.

“हाच,” काकू म्हणाल्या.

व्यापाऱ्यानं न सांगता पंखा बंद केला. बाईंनी दोन्ही स्पीकर सरांच्या तोंडासमोर आणून ठेवले आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं.

आधी नुसती खरखर होती, काही सेकंद. सर पडद्याकडे बघत होते. मग कुणीतरी घसा साफ केला, आणि मुलगी बोलू लागली. एकेक शब्द सुटा, वर्गात शुद्धलेखन घालावं तसा. इथं सकाळ आहे. खिडकीबाहेर अजून बर्फ आहे. मी भाकरी करायला शिकले, पण ती फुगत नाही. काकूंचे ओठ शब्दांबरोबर हलत होते. एका ठिकाणी त्यांचा आवाजही फुटला, तेव्हा सरांनी न बघता हात वर केला. काकू थांबल्या.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “ऐकू येतंय ना?”

आणि ती थांबली. पुन्हा तीच खरखर.

“येतंय,” सर म्हणाले.

मग ती पुढं बोलू लागली.

फाइल संपली तेव्हा सरांनी बाईंना ती परत लावायला सांगितली. लेबलं छापून तयार होती, पण व्यापारी बाकावरच बसून होता. पुढच्या बॅचची मुलं चपला काढून दारात जमली. फाइल संपेपर्यंत त्यातलं कुणी आत आलं नाही.