मी न पाठवलेलं उत्तर

चमत्काराचे असले अनुभव वाचले की मी आजवर चिडून पान उलटत आले. फिजिक्स शिकवणाऱ्या बाईने या भानगडीत का पडावं? तरी लिहितेय, कारण राग जात नाहीये.

मी पुलगावला राहते, शाळेत शिकवते आणि दहावीच्या ट्युशन घेते. मुलांच्या होमवर्कच्या शंकांसाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. कोणी प्रश्न टाकला की मी व्हॉइस नोटमध्ये उत्तर देते.

एप्रिलची भर दुपार. मी वर्ध्याला पेपर तपासायला गेले होते. तिथे फोन बंद करून गेटवरच जमा करावा लागतो. संध्याकाळी परत घेतला, चालू केला... आणि प्रणालीच्या आईचे मिस्ड कॉलच मिस्ड कॉल. ही माझ्या बॅचमधली मुलगी. तिच्या घरी मी कधीच गेले नव्हते.

घाबरून फोन लावला. बाई रडत होत्या.

"मॅडम, तुमच्यामुळं वाचली मी."

मला काही कळेना. ग्रुप उघडला. दुपारी प्रणालीने विचारलं होतं — प्लगची तिसरी पिन लांब आणि जाड का असते? खाली माझ्या नंबरवरून व्हॉइस नोट. आवाज माझाच, मध्येच "समजलं का" म्हणायची सवयही माझीच.

"ती अर्थिंगची पिन. ती आधी जोडली जाते, समजलं का... प्रणाली, तुमच्या कूलरच्या प्लगले ती पिनच नाई. आई पाणी भराले चालली न? आधी बटन बंद कर."

प्रणालीने धावत जाऊन बटन बंद केलं. आई बादली घेऊन कूलरजवळ पोचलीच होती. नंतर वायरमनने तपासलं, तर कूलरच्या पूर्ण पत्र्यात करंट उतरला होता.

माझे सहकारी म्हणाले, कोणीतरी एआयने आवाज बनवला असेल. बनवला असेल! पण माझ्या बंद फोनवरून? आणि त्या घरातला प्लग कोणी पाहिला होता?

दुसऱ्या दिवशी प्रणालीची आई नारळ घेऊन आली, पायाच पडायला लागली. मी पाय मागे घेतले.

"मी काही केलं नाही, ताई. अर्थिंग करून घेतलं का?"

"आता काऊन लागते, मॅडम? तुमचं लक्ष हाये न आमच्यावर."

माझं डोकंच फिरलं. तशीच तिला घेऊन वायरमनकडे गेले, त्याला त्यांच्या घरी नेलं, आणि काम होईपर्यंत अंगणात उन्हात उभी राहिले.

ती नोट कोणी पाठवली, मला आजही सांगता येत नाही. पण हेच अर्थिंग मी दर उन्हाळ्यात वर्गात घसा फोडून सांगते — या मुलीलाही सांगितलं होतं. तेव्हा कोणी ऐकलं नाही. ऐकलं ते त्या नोटमधल्या बाईचं... जी कोण होती तिचं.