उमेळ्याचं बोलावणं

गिरीज गावच्या हरिश्चंद्र राऊतांची मथुरा लहानपणी एका गोष्टीसाठी बदनाम होती. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. कुणाच्या वाडीतला नारळ कुणी उचलला, कुठल्या सुनेनं सासूला काय उत्तर दिलं, सगळं ही पोर विहिरीवर ओकून मोकळी व्हायची. तिची आई नर्मदा कपाळाला हात लावायची. "हिला कुणाच्या घरात देऊ गं बाई? सासरचं सगळं इथं आणि इथलं सगळं सासरी!" अशी ही मुलगी आयुष्यात एकदाच तोंड मिटून बसली, आणि तेही नेमकं जिथं उघडायला हवं होतं तिथं. याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

शिकायला मात्र हुशार. बी.ए. झाली, एम.ए. झाली आणि १९७९ साली तिनं मुंबईला एम.फिल.ला नाव घातलं. हरिश्चंद्रांना त्याचा अर्थ कळला नाही, पण बाजारात केळी उतरवताना चार जणांना सांगितल्याशिवाय त्यांना राहवलंही नाही. तिचा विषय काय, तर मोठ्या आजाराची बातमी घरात कोण कुणाला सांगतं आणि कुणापासून लपवतं. नंदाखालपासून पाचूबंदरापर्यंत चाळीस घरं फिरायची आणि प्रत्येक घरी बावीस प्रश्नांचा फॉर्म भरायचा. फॉर्मच्या डोक्यावर ठळक ओळ होती: 'आपले उत्तर कोणालाही दाखवले जाणार नाही.' तिच्या मार्गदर्शक बाई या ओळीबद्दल फार कडक. "लोक विश्वासानं बोलतात. ही ओळ मोडलीस तर तुझा प्रबंध मी हातात घेणार नाही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं.

गावात फिरण्याआधी फॉर्म एकदा घरच्या माणसावर वापरून बघायचा असतो. जानेवारीत मथुरा आईसमोर बसली. नर्मदा पडवीत विड्याच्या पानांच्या जुड्या बांधत होती. पहिल्या तेरा प्रश्नांना तिनं "हो", "नाही", "तुझ्या बाबांना विचार" अशी उत्तरं दिली. चौदावा प्रश्न होता, बरा न होणारा आजार झाला तर त्या माणसाला स्वतःला सांगावं का?

नर्मदेचे हात थांबले. "मला झाला तर? मला सांगा हो. मी आधी उमेळ्याला जाईन. अक्काच्या दारात उभी राहीन, म्हणेन, माझं चुकलं, आता तरी बोल. मग मला कुठं न्यायचं तिथं न्या."

ही अक्का म्हणजे नर्मदेची थोरली बहीण यशोदा. आईमागं तिनंच नर्मदेला वाढवलं होतं. गिरीज ते उमेळं एसटीनं अर्धा तासही नाही, पण दोघी बहिणी अकरा वर्षं बोलत नव्हत्या. कारण ऐकाल तर हसाल. यांच्यात लग्नाची छापील पत्रिका असते शेजारपाजाऱ्यांना. सख्ख्या माणसाकडं घरच्या बाईनं स्वतः जायचं, कुंकू लावायचं, हातात अक्षत द्यायची. त्याला म्हणायचं बोलावणं. मथुरेच्या भावाच्या, बाबूच्या, लग्नात नर्मदा तापानं फणफणली होती, म्हणून तिनं उमेळ्याकडं निघालेल्या केळीच्या गाडीवाल्याच्या हाती पत्रिका पाठवली. यशोदा लग्नाला आली नाही. "मला केळ्याच्या घडाबरोबर बोलावलं!" हे तिचं वाक्य सगळ्या नातलगांत फिरलं. चुकलेलं बोलावणं ज्याचं त्यानंच येऊन पुरं करायचं असतं. नर्मदेलाही ते कबूल होतं. ती फक्त जात नव्हती.

"मग आत्ताच का जात नाहीस?" मथुरेनं विचारलं.

"जाईन गं. आंबे उतरू देत. अक्का कुठं पळून चाललीय, आणि मी तरी कुठं?"

मथुरेनं हे सगळं शब्दन् शब्द लिहून घेतलं. पुढं उत्तरांचे आकडे करताना 'हो'ला एक आणि 'नाही'ला दोन असं ठरलं. उमेळ्यासाठी रकाना नव्हता. शिवाय वापरून बघितलेला फॉर्म मोजणीत धरायचाच नसतो, म्हणून फॉर्म नंबर एक तिच्या कापडी पिशवीत तळाला राहिला.

मग घरं सुरू झाली. काय काय ऐकलं तिनं! पाचूबंदरच्या फ्लोराचा नवरा घशाच्या कॅन्सरनं पडून होता आणि फ्लोरानं त्याला थंडीचा घसा म्हणून सांगितलं होतं. "सांगून काय करू बाय? त्याच्या तोंडचं पानी पलंल," ती म्हणाली. आतून तो माणूस खुणेनं विचारत होता, होडीला रंग कधी लावायचा? मथुरेनं फॉर्मवर दोन लिहिलं आणि बाहेर येऊन माडाखाली रडली. लोक आपल्या माणसाला आंधळं करून ठेवतात याचा तिला संताप येत होता. चाळीसपैकी एकतीस घरांनी लपवलं होतं. बाईंनी पाठ थोपटली, म्हणाल्या, हे प्रकरण प्रबंधाचा कणा होईल.

आंबे उतरले तेव्हा नर्मदेच्या पोटात दुखायला लागलं. आधी ओवा झाला, मग गावचा डॉक्टर झाला, मग मुंबईचं मोठं इस्पितळ. यकृतात गाठ, फार तर सहा महिने. डॉक्टरांनी हे हरिश्चंद्रांना सांगितलं, त्यांनी बाबूला, बाबूनं मथुरेला. चौकटीत बसवल्यासारखं सगळं तिच्या फॉर्मप्रमाणे घडलं. नर्मदेला सांगितलं, अल्सर आहे.

"बाबा, आईला कळायला हवं," मथुरा म्हणाली.

हरिश्चंद्र विहिरीच्या काठावर बसले होते. उभ्या जन्मात त्यांना कुणी रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी लेकीचा हात ओढून आपल्या गळ्यावर ठेवला. "घे शपथ. तिला नाही आणि बाहेर कुणालाही नाही. ती ऐकूनच मरेल गं. मला हे सहा महिने तरी हसती बायको मिळू दे." आता सांगा, रडणाऱ्या बापाच्या गळ्यावर हात ठेवून पोरीनं काय फॉर्म वाचून दाखवायचा? तिनं शपथ घेतली.

नर्मदा वाळत चालली, पण तिचं आपलं चालूच. पाऊस सरू दे, मग उमेळ्याला जाईन. गौरी होऊ देत, मग जाईन. पायात जरा बळ येऊ दे. मथुरा "हो, जाऊ" म्हणायची आणि आत जाऊन भिंतीवर मूठ आपटायची.

आश्विनात तिला राहवलं नाही. आई जात नाही तर मावशीलाच आणू, असं ठरवून ती एकटी उमेळ्याला गेली. यशोदेच्या वाडीला लागून एक नवी इमारत उभी राहत होती आणि सिमेंटची धूळ तिच्या केळींवर बसली होती. मावशीनं भाचीला पाणी दिलं, ओट्यावर बसवलं, गूळ-खोबरं पुढं केलं. राग आईवर होता, लेकरावर नव्हता.

"मावशी, एकदा गिरीजला चल."

"तिनं बोलावलंय?"

बोलावलं म्हणावं तर खोटं, आणि आईच्या डोळ्यांपुढं मावशी आली की खोटं उघडं पडणार. "आई जरा आजारी आहे," मथुरा म्हणाली.

यशोदेनं तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं. "जरा?"

"जरा."

"मग बरी होईल. झाली की येऊ दे तिलाच. अकरा वर्षं वाट बघितली, अजून महिनाभर बघेन. माझा हट्ट म्हण हवा तर. पण ती आली ना मथुरे, तर मी तिला ओटा चढायचीही तसदी देणार नाही, खाली उतरून धरीन."

मथुरेला बापाची शपथ होती. मांडीवर पिशवी होती, त्यात आईचे शब्द होते, आणि त्यावर ती ठळक ओळ होती. तिनं पिशवीचे बंद घट्ट धरले आणि परत आली.

दिवाळीनंतर नर्मदा उठलीच नाही. मार्गशीर्षात एका सकाळी तिनं विचारलं, "अल्सरला इतके दिवस लागतात का गं?" मथुरेनं तोंड उघडलं. दारात हरिश्चंद्र औषधाचा पेला घेऊन उभे होते. ती म्हणाली, "लागतात." नर्मदेनं मान हलवली आणि पुन्हा डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी ती गेली.

यशोदा आली. निरोप गेल्यावर तासाभरात, घरातल्या विटलेल्या लुगड्यावर आली. तिला कुणी कुंकू लावलं नाही की अक्षत दिली नाही. बहिणीच्या पायाशी बसली आणि डोळ्यांत पाणी नसताना म्हणाली, "तू मला जरा म्हणाली होतीस, मथुरे." अंगणातल्या सगळ्या बायकांनी ऐकलं. मथुरेनं मान वर केली नाही.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर मथुरेनं फॉर्म नंबर एक काढला आणि मावशीपुढं धरला. बाईंची ओळ आज तिनं मोडली. यशोदा चौथी शिकलेली. तिनं चौदाव्या प्रश्नाखालची अक्षरं बोट फिरवत वाचली. अक्काच्या दारात उभी राहीन. माझं चुकलं. आता तरी बोल. तिथं ती पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली.

"हे कधी बोलली ती?"

"जानेवारीत."

"आणि तू माझ्या ओट्यावर बसलीस, तेव्हा हा कागद कुठं होता?"

"पिशवीत."

"पिशवी कुठं होती?"

"मांडीवर," मथुरा म्हणाली.

"अगं, हेच तर बोलावणं," यशोदा म्हणाली, आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं. "केळ्याच्या गाडीवाल्यानं तरी हातात दिलं होतं गं."

कागद तिनं घडी करून कमरेला खोचला आणि उठून गेली. मथुरेला पदवी मिळाली, विरारच्या कॉलेजात नोकरी लागली. बाबूच्या पोरीच्या बारशाला ती स्वतः कुंकवाची कोयरी घेऊन उमेळ्याला गेली, पुढच्या प्रत्येक कार्याला गेली. मावशी कुंकू लावून घेते, पाणी देते, कार्याला येतेही. मथुरेशी मात्र ती एक शब्द बोलत नाही.