लिफ्टचा ठराव

रस्त्यावरचं कुत्रं दिसलं की नलूमावशी त्याला बिस्कीट देत नसत. आधी त्याच्या कानाची कड दोन बोटांत धरून चोळत. त्याचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागला की म्हणत, "लूत दिसतेय. चला डॉक्टरांकडे." वारज्यातल्या आमच्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, माझ्या समोरच्या दारात त्या राहायच्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या, आणि जीभ अशी की पेपरवालाही पेपर फेकायचा नाही, हातात द्यायचा.

गेटवरच्या तांबू कुत्र्याला लूत लागली. कानाच्या कडा, कोपरं उघडी पडली, कातडी जाड झाली. आमचे सेक्रेटरी साने गॅरेजमधून जळकं ऑइल घेऊन आले आणि त्याच्या अंगावर ओतून मोकळे झाले.

"मावशी, सगळे हेच लावतात."

"अहो, कुत्रा आहे तो, सायकलची चेन नव्हे! चाटेल, पोटात जाईल, मरेल. मग तुम्ही श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावा!"

दुपारभर आम्ही त्याला साबणानं धुतलं. डॉक्टरांनी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली किडे पाहिले, वजन करून गोळ्या दिल्या. त्याचं झोपायचं पोतं मावशी उकळत्या पाण्यात टाकत. "गोळ्या केस येईपर्यंत नाही, डॉक्टर पुरे म्हणेपर्यंत द्यायच्या," असं मला बजावत.

मग मावशींच्या हातांवर पुरळ उठलं. कुत्र्याची लूत माणसात फार टिकत नाही, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पण सान्यांनी सभा बोलावली आणि ठराव केला: मावशींनी लिफ्ट वापरायची नाही. गुडघे गेलेल्या बाईला! विरोधात हात फक्त माझा. मी आरडाओरडा केला, कुणी ढिम्म हललं नाही. मावशी तेवढ्या म्हणाल्या, "लिफ्टलाही लूत लागते होय? आमच्या पुस्तकात नव्हतं."

पुरळ गेलं. तांबूला दाट, चकचकीत केस आले. ठराव मात्र तसाच. साने म्हणाले, "अर्ज द्या, बघू." अर्ज कसला डोंबलाचा! मावशींनी दिला नाही. "खाज मला नाही, यांना आहे. ती गोळीनं जायची नाही," म्हणाल्या, आणि दर मजल्यावर टेकत जिना चढत राहिल्या. तो कठड्यावरचा हात आठवला की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

गेल्या हिवाळ्यात मावशी झोपेतच गेल्या. साने पांढरा सदरा घालून वर आले. लिफ्टचं दार धरून हळहळत म्हणाले, "इकडून न्या. सोपं पडेल."

"हात काढा तो! ठराव रद्द झालेला नाही अजून."

आम्ही त्यांना जिन्यानं उतरवलं, त्या चढायच्या तसंच, दर मजल्यावर टेकवत. तांबू खालच्या पायरीशी बसला होता.

साने लिफ्टनं आले.