घणाचं अस्वल

गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करायचे हा त्याचा धंदा, म्हणून सगळे त्याला घण म्हणत. धंद्याबाहेरही तो ठोकायचाच. त्याचा हात आधी चालायचा, डोकं मागून. घरीही तेच. शेवटी बायको मुलाला घेऊन निघून गेली. ते पोर बापाचा आवाज ऐकला की पलंगाखाली शिरायचं, आणि घणाला ते अजून सलत होतं.

असा माणूस दर रविवारी वाचनालयात लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवतो, हे कळल्यावर गॅरेजवाल्यांची हसून हसून पुरेवाट झाली. वाचनालयाच्या बाईंनीही त्याला आधीच बजावलं होतं, "इथे हात फक्त पान उलटायला. एकदा जरी उचललात, तर पुन्हा पायरी चढायची नाही."

घण अडखळत वाचायचा, म्हणून ओळीचा शेवटचा शब्द मुलांवर सोडायचा. तीन-चार वर्षांची पोरं ती, सगळं ऐकून ऐकून पाठ झालेलं. घण पुस्तकातल्या अस्वलासारखा गुरगुरायचा आणि म्हणायचा, "मुलांनो, मला घाबरू..." की पोरं गळा फाडून ओरडायची, "नका!" आणि त्याच्या मांडीवर चढायची. आपल्या आवाजाने कुणी पळत नाही, हे तो पहिल्यांदाच अनुभवत होता. त्या रविवारावर त्याचा जीव होता.

एका रविवारी दार धाडकन उघडलं. घणाच्या मांडीवर बसलेल्या मुलीचा बाप होता. मागून तिची आई धावत आली, तिचा ओठ फुटलेला.

"कुणाला विचारून पाठवलंस हिला?" म्हणत त्याने आईच्या कानाखाली ठेवून दिली. ती कपाटावर आदळली, पुस्तकं धडाधड कोसळली.

घणाने हातातलं पुस्तक घट्ट धरलं. "भाऊ, पोरं आहेत. बाहेर बोला."

"तू कोण रे मला शिकवणारा?" बापाने लाकडी स्टूल उचलून त्याच्या कपाळावर हाणलं. रक्त अस्वलाच्या चित्रावर टपकलं. तरी घण दातओठ खात बसून राहिला. मग बापाने मुलीला केसांना धरून ओढलं आणि ती किंचाळली.

त्यानंतर घण स्वतःलाही आवरेना. पहिल्या ठोशात बापाचं नाक फुटलं, दुसऱ्यात दात पडले. तो आडवा झाला तरी घण त्याला पत्र्यासारखं ठोकतच होता.

"बाबा!" करत मुलगी धावली ती बापाकडे. त्याच्या रक्ताळलेल्या गळ्यात पडून ती घणावर ओरडली, "मारू नको!"

घणाचा उगारलेला हात खाली आला. त्याने वळून पाहिलं. बाकीची सगळी पोरं टेबलाखाली शिरली होती.

माणसं आली, बापाला उचलून घेऊन गेली. मुलगी आईच्या कडेवर रडत त्यांच्यामागे गेली. बाई एवढंच म्हणाल्या, "आता निघा."

"एवढं पान संपवतो, बाई."

तो खाली बसला. सोललेलं बोट ओळीखाली धरून, जमेल तितक्या हळू आवाजात त्याने वाचलं, "मुलांनो, मला घाबरू..."

तो थांबला. टेबलाखालून कुणी बोललं नाही.

"नका," तो स्वतःच म्हणाला आणि पुस्तक मिटून उठला.