बादलीवाला जावई

हसायचं नाही, आधीच सांगतो! भर गावात, स्वतःच्या हातानं मी माझं लग्न मोडायला निघालो होतो.

लातूर जिल्हा नवा नवा झालेला, त्यात दुष्काळ. औशाजवळच्या एका गावात टँकरचं पाणी विहिरीत ओतायचे आणि तेच सगळे प्यायचे. मग कॉलरा येणार नाही तर काय! मी आरोग्यसेवक, आमच्या सिस्टरला घेऊन लस टोचायला गेलो. आणि गाव कुठलं? माझी होणारी सासुरवाडी! लग्न महिन्यावर आलेलं.

पण टोचून घ्यायला कुणी येईना. म्हणे, हे मूल न होण्याचं इंजेक्शन. त्यांचं तरी काय चुकलं हो? थोड्याच वर्षांपूर्वी त्या गावातली माणसं जीपमध्ये कोंबून नसबंदीला नेली होती. भीती अंगात मुरलेली.

मग मी डोकं चालवलं. आमच्या दवाखान्यात कोऱ्या बादल्या पडून होत्या, त्या गावात आणल्या. दुष्काळात बादलीला कोण नाही म्हणेल? भोंग्यावरून पुकारलं, "जो टोचून घेईल त्याला बादली फुकट!" लोकांचा विश्वास बसावा म्हणून सगळ्यांदेखत आधी स्वतः टोचून घेतलं. एक बादली उचलली आणि ऐटीत सासऱ्यांकडे चहाला गेलो.

सासरे बादलीकडे बघतच राहिले.

"पाव्हणं, हे काय करून बसलात?"

"टोचून घेतलं, मामा! काहीसुद्धा दुखत नाही."

"आवो, पण लग्नाच्या आधी?"

"आधीच उरकलेलं बरं! तुम्ही पण घ्या, मामींना पण सांगा."

सासूबाई पदर तोंडाला लावून रडायलाच लागल्या. मी दचकून बादलीकडे पाहिलं. तिच्यावर हा एवढा कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण! नसबंदी करणाऱ्याला द्यायच्या बादल्या होत्या त्या. रोज बघून बघून मला तो त्रिकोण दिसेनासाच झाला होता.

किती शपथा घेतल्या मी! पण ऐकतंय कोण?

"लगीन मोडलं," सासरे म्हणाले. "पोरीचं वाटोळं करायचं न्हाई मला."

तेवढ्यात आतून कमल आली, माझी होणारी बायको.

"आबा, शेजारची काशीआत्या परवा कशानं गेली, इसरलात का? मी बी टोचून घेते. काय व्हायचं ते दोघांचं बी व्हईल!"

माझ्याकडे न बघता ती तरातरा चावडीवर गेली आणि सिस्टरपुढे दंड धरला. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्यामागून एकेक बाई आली, मग गडीमाणसं आली. संध्याकाळपर्यंत लस संपली. बादली मात्र एकानंही नेली नाही.

लग्न झालं. दहाव्या महिन्यात आम्हाला जुळं झालं. मी म्हटलं, चला, अफवा कायमची मिटली!

कुठली मिटते? पुढच्या वेळी लस घेऊन त्या गावात गेलो, तर चावडीपुढे ही मोठी रांग. बायका लेकीसुनांना घेऊन उभ्या.

"जुळ्याचं इंजेक्शन आलं म्हनं?"

मी घसा कोरडा होईपर्यंत समजावत होतो. रांगेत सगळ्यांत पुढे कोण? आमचे सासरे, सुनेला घेऊन! मला बाजूला ओढून हळूच म्हणाले,

"जावईबापू, घरच्या मानसाला जरा जास्तच टोचा!"